भामामावशी आणि न बसणारी डिस्क

बाजारपेठेच्या एका गावात भामाबाई वेळापुरे नावाची कासारीण राहायची, आणि तिच्या हातून चढली नाही अशी बांगडी त्या पंचक्रोशीत कुणी पाहिली नव्हती. लहानथोर सगळे तिला भामामावशी म्हणत. गणपतीच्या देवळामागे तिचं दुकान होतं. दुकान कसलं, एक गादी, एक आरसा आणि तीन भिंतींना टांगलेल्या काचेच्या बांगड्यांच्या माळा.

बाई समोर येऊन बसली की मावशी आधी तिचा हात हातात घेई. अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघे. हाड कसं आहे, मांस किती दबतंय, सांधा किती वळतोय. मग "दोन-सहा" असं माप सांगे आणि त्यानंतरच माळेतून बांगडी काढी. त्यातूनही एखादी अडलीच, तर मावशी बाईला बोलण्यात गुंतवी. "माहेरी कधी गेली होतीस गं शेवटची?" बाई माहेरचं सांगायला लागली की हात आपोआप सैल पडे आणि बांगडी सर्रकन मनगटावर जाई. बाईला कळायचंसुद्धा नाही.

यामुळे मावशीला थोडा गर्व झाला होता. फार नाही, पण होता. अडलेली कुठलीही वस्तू गोडीगुलाबीने आणि जराशा जोराने बसवता येते, असं तिला वाटू लागलं होतं. बांगडीपुरतं ते खरंही होतं. पण माणसाचं असंच असतं बघा. एका ठिकाणी जमलं की सगळीकडे जमणारच, असं धरून चालतो.

आता या कासारणीच्या दुकानात लॅपटॉप कशाला, असं तुम्ही विचाराल. तर मावशीच्या सासूच्या वेळेपासून एक मापवही चालत आलेली होती. गावोगावच्या बायकांची नावं आणि त्यांच्या हातांची मापं तिच्यात होती. दोन वर्षांमागे त्या वहीला वाळवी लागली. तेव्हा मावशीची सून शलाका उरलेली पानं उलगडून बसली आणि एकेक माप तिने लॅपटॉपवर चढवलं. सगळे मिळून दोन हजारांच्या घरात हात झाले. डावा किती, उजवा किती, आणि पुढे शेरा. "सांधा कडक." "बाळंतपणानंतर माप वाढलं." लग्न होऊन लांब गेलेल्या लेकी नुसता फोन करत. "मावशी, माझं माप आहे ना तुमच्याकडे? मग पाठवा दोन डझन." आणि आलेली बांगडी बरोबर बसे.

त्या वर्षी तालुक्यात सामुदायिक विवाह ठरला. नऊ गावांतल्या अकरा मुली एकाच मांडवात उभ्या राहणार होत्या. अकराजणींचे हिरवे चुडे मावशीकडून घ्यायचे असं ठरलं. चुडा आदल्या दिवशी जिच्या तिच्या घरी भरतात. मावशी काही एका दिवशी नऊ गावांत पुरी पडणार नव्हती. म्हणून सासू-सुनेने महिनाभर फिरून मुलींचे हात बघितले आणि मापं थेट लॅपटॉपवर टिपली. आता त्या मापांप्रमाणे चुड्यांची खोकी बांधून घरोघर पोचवायची होती. लग्नाला पाच दिवस राहिले होते.

आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप रडू लागला. तो सुरू करायचा, चहा टाकायचा, चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच. आतली जागाही संपत आली होती, कारण मावशी नव्या आलेल्या प्रत्येक बांगडीचा फोटो काढी आणि तोही पाच-पाच वेळा.

"आई, यातली हार्ड डिस्क बदलावी लागणार," शलाका म्हणाली.

"म्हणजे काय गं?"

"सगळं साठवून ठेवायची डबी म्हणा. लॅपटॉपच्या पोटात असते. चांगली मोठी, वेगवान बसवली की झालं. पण ती आपल्या लॅपटॉपला बसणारी हवी. आधी सादिककडे उघडून बघू, तो सांगेल तीच आणू."

सादिक मुजावरचं एसटी स्टँडसमोर लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. मावशी "हो हो" म्हणाली. मावशीचा एक "हो" आला तर तो होकार असे. दोन आले की समजायचं, तिने काहीतरी वेगळंच मनात धरलंय.

दुसऱ्या दिवशी ती हिरव्या बांगड्यांचा माल आणायला शहरात गेली. घाऊक बांगडीवाल्याला लागूनच एक कॉम्प्युटरचं दुकान होतं. मावशी आत शिरली.

"लॅपटॉप कोणता आहे, काकू?" दुकानदाराने विचारलं.

"काळा."

दुकानदाराने हसू दाबलं. "तसं नाही. कंपनी कुठली, मॉडेल नंबर काय? मागच्या बाजूला लिहिलेलं असतं."

"अहो, लॅपटॉप तो लॅपटॉप. तुम्ही सगळ्यात मोठी द्या."

"ही मोठी आहे, पण जाड येते. सगळ्यांत बसत नाही. घरी फोन करून नंबर विचारता का? सील फोडल्यावर मी परत घेणार नाही."

"बसेल. मी बसवते," मावशी म्हणाली आणि डिस्क पिशवीत टाकून निघाली.

आता हीच गोष्ट उलटी करून बघा. मावशीच्या दुकानात एखादी बाई येऊन म्हणाली असती, "हात घरी ठेवून आलेय, सगळ्यात मोठी बांगडी द्या," तर मावशी पोट धरधरून हसली असती आणि महिनाभर गिऱ्हाइकांना ती गंमत सांगत बसली असती. पण दुसऱ्याच्या दुकानात गेल्यावर आपणही तशीच बाई झालोय, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका खोकी आणायला पुठ्ठेवाल्याकडे गेली. मावशीने मनाशी म्हटलं, सून येईपर्यंत लॅपटॉप नवाकोरा करून ठेवू, बघू तर काय म्हणते. चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस तिच्याकडे होताच. तिने लॅपटॉप मिटला, गादीवर पालथा घातला आणि पाठीवरच्या छोट्या झाकणाचे दोन स्क्रू काढले. आत एक चपटी डबी होती. पत्त्यांच्या कॅटाएवढी, पण पातळ. ती अलगद ओढली तशी निघाली. मावशीने ती कापसावर ठेवली. काचेत आयुष्य गेलेल्या बाईला वस्तू आपटायची सवय नसते.

मग तिने नवी डिस्क आत सरकवली. लांबी बरोबर. रुंदी बरोबर. टोकाला टोकही जुळलं. मावशी खूश. पण झाकण ठेवलं तर ते काही बसेना. तांदळाच्या दाण्याएवढी फट राहत होती.

एवढ्याशा फटीला घाबरेल ती भामामावशी कसली. तिने एका बाजूचा स्क्रू पिळला, तर दुसरी बाजू वर आली. दुसरी दाबली, तर पहिली उचलली. तिने झाकणावर तळवा ठेवला आणि सवयीने बोलायला लागली. "सैल सोड रे राजा. सैल सोड. झालंच आता." बोलता बोलता तिने अंगाचा भार तळव्यावर टाकला, आणि दुसरा स्क्रू पिळायला घेतला.

टक् असा आवाज झाला.

झाकणाच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ निघाली आणि मधोमध येऊन थांबली. बांगडी फुटली असं कासाराच्या दुकानात कधी म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मावशीच्या तोंडून आपसूक "वाढलं" असं निघालं. पेचकस अजून स्क्रूवरच होता. मन म्हणत होतं, बाई गं, एक पीळ दे, बसतंच आलंय. आणि मावशीने जन्मभराच्या सवयीने मान वर करून समोर बघितलं.

समोर कुणी नव्हतं. बांगडी भरताना ती नेहमी बाईच्या चेहऱ्याकडे बघायची. दुखलं की बाई चेहऱ्यावर सांगते, मग मावशी थांबते. या यंत्राला चेहरा नव्हता. त्याच्या पोटात कुठे काय दाबलं जातंय, हे कळायला काही मार्गच नव्हता. आणि मावशीला एकदम उमगलं की इतकी वर्षं आपण आधी हात बघितला आणि मग बांगडी उचलली. आज हात बघितलाच नाही. तिने पेचकस उलटा फिरवला, झाकण काढलं आणि नवी डिस्क हळूच बाहेर घेतली.

अजून एक मोह बाकी होता. जुनी डबी आत सरकवावी, झाकण लावावं, रेघेवर एक स्टिकर चिकटवावं. कुणाला पत्ता लागणार होता? घरात स्टिकरं होतीसुद्धा. मावशी त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसली. पण तिला राहवेना. शलाका उंबऱ्यात आली, खोक्यांचा गठ्ठा अजून तिच्या डोक्यावरच होता, तोच मावशीने सगळं सांगून टाकलं. दुकानदाराने विचारलेलं, आपण न ऐकलेलं, जोर केलेला, सगळं.

शलाकाने गठ्ठा खाली ठेवला. तडा गेलेल्या झाकणाकडे तिने बघितलंही नाही. तिने एकच विचारलं.

"आई, डबी काढण्याआधी लॅपटॉप बंद केला होता ना?"

"मिटला होता की."

"मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे, आई. मिटला की तो झोपतो. चालूच असतो. चालू असताना डबी ओढून काढली, तर आतलं बिघडू शकतं."

मावशीने कापसावरच्या डबीकडे बघितलं. "मापं?"

"सांगता येत नाही."

"दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलीत का?"

शलाकाने मान हलवली. नक्कल कुठेच नव्हती. जुन्या वहीची पानं तर केव्हाच चुरा होऊन गेली होती.

शलाकाला बोलायचं खूप होतं. पण सासूचा चेहरा बघून तिने ते गिळलं. "आता आपण कशाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आहे तसं उचलायचं आणि सादिककडे न्यायचं."

सादिकने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पट्टी काढून त्याने आधी जागेची उंची मोजली, मग नव्या डिस्कची जाडी. "सात मिलिमीटरची जागा आहे, मावशी. ही साडेनऊची आहे."

"अडीच मिलिमीटरसाठी एवढं?"

"दोन-सहाच्या हातात तुम्ही दोन-चारची बांगडी भराल?"

"हात फाटेल."

"मग इथेही तसंच." त्याने जागेच्या तळाकडे बोट दाखवलं. "याच्या खाली बोर्ड आहे. अजून एक पीळ दिला असता तर तो तडकला असता, आणि लॅपटॉप कामातून गेला असता. तुम्ही थांबलात कशा?"

"आवाज ओळखीचा होता," मावशी म्हणाली.

सादिकने जुनी डबी आत बसवली आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मग एक पांढरी ओळ उमटली. डिस्क तपासत आहे, शून्य टक्के.

"हा स्वतःच स्वतःला तपासतोय," सादिक म्हणाला. "मध्ये काही करायचं नाही. शंभर होईपर्यंत बसायचं."

तिघं बसली. चार टक्के झाले. नऊ झाले. सादिकने मागवलेला चहा आला आणि मावशीच्या हातात तसाच राहिला. सत्तावीसवर आकडा अडला तो हलेचना. मावशी डोळे मिटून अकरा मुलींची मापं आठवू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच आठवली. सहावीपाशी गाडी अडकली. लग्नाला तीन दिवस राहिलेले, नऊ गावं पुन्हा फिरायची कधी आणि चुडे पोचवायचे कधी? आणि त्या लांबच्या लेकी? कुणी गुजरातेत, कुणी आसामात. त्या विश्वासाने फोन करणार, आणि आपण काय सांगणार, तुझं माप मी माझ्या हाताने पुसलं म्हणून? आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या हातांची भीती वाटली.

"आई, अठ्ठावीस झाले," शलाका म्हणाली.

मग आकडा सरकत राहिला. हळूहळू, पण सरकत राहिला. चाळीस, साठ, नव्वद. शंभर झाले आणि पडदा पुन्हा काळा झाला. आणि मग तो उजळला, नेहमीचं गणपतीचं चित्र आलं, नेहमीचं चक्र फिरलं. त्या चक्राला मावशीने आजवर हजार शिव्या घातल्या असतील. आज ते फिरताना बघून तिने हात जोडले.

शलाकाने मापांची यादी उघडली. अकरा नावं होती. अकरांच्या पुढे डावा होता, उजवा होता, शेरा होता. ती खाली खाली सरकत गेली. जुन्या वहीतले सगळे हात जागच्या जागी होते, अगदी मावशीच्या सासूने लिहिलेल्या शेऱ्यांसकट.

मावशीचा जीव भांड्यात पडला. तिने तो गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला, आणि मग पदराने डोळे पुसत हसायला लागली. शलाकाही हसली. सादिकने नाही म्हटलं तरी सुस्कारा सोडलाच.

"आता आधी नक्कल," तो म्हणाला. त्याने कपाटातून डिस्क बाहेरून जोडायची एक रिकामी पेटी काढली, ती जाड डिस्क तिच्यात घातली आणि वायरीने लॅपटॉपला जोडली. "हिची जागा पोटात नाही, पण शेजारी बसून कामाला येईल." तासाभरात सगळी मापं त्या डिस्कवर उतरली. मग त्याने लॅपटॉप उलटा करून मॉडेल नंबर कागदावर उतरवला. खाली लिहिलं, जाडी इतकी, जोडणी अशी, जास्तीत जास्त एवढी मोठी चालेल. "ही चिठ्ठी दाखवल्याशिवाय कुणाकडूनही काही घेऊ नका."

"तूच आण," मावशी म्हणाली. "आणि बसवण्याआधी मला दाखव."

दुसऱ्या दिवशी दुपारी सादिककडे बरोबर मापाची डिस्क आली. मावशीने पट्टी मागून घेतली आणि जाडी स्वतः मोजली. मग पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजायला लागली तेव्हा सादिक म्हणाला, "मावशी, ती काही मोजून कमी-जास्त होणार नाही." त्याने लॅपटॉप नीट बंद केला, दिवे विझलेले मावशीला दाखवले, आणि मगच नवी डिस्क आत सरकवली. ना दाबावं लागलं, ना बोलावं लागलं. तडा गेलेलं झाकणही मुकाट वर बसलं. सगळी मापं नव्या डिस्कवर आली आणि लॅपटॉप इतक्या लवकर सुरू होऊ लागला की घरी गेल्यावर मावशीला चहा टाकायलाही सवड मिळेना.

त्याच संध्याकाळी सासू-सुना खोकी बांधायला बसल्या. शलाका माप वाचे, मावशी माळेतून बांगड्या काढी, पुन्हा माप विचारी आणि मगच खोक्यात घाली. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत अकरा खोकी नऊ गावांत पोचली.

लग्नाच्या दिवशी मावशी मांडवात गेली. लोक वधूंच्या चेहऱ्यांकडे बघत होते, मावशी मनगटांकडे बघत होती. हातांच्या अकरा जोड्या, हिरव्यागार, कुठे ओरखडा नाही. एवढ्यात एक नवरी माणसांतून वाट काढत तिच्याजवळ आली. वनिता तिचं नाव. लहानपणी ती चिंचेच्या झाडावरून पडली होती आणि तिचा डावा हात मोडून वाकडा जुळला होता. त्या हाताला उजव्याच्या मापाची बांगडी चालायची नाही. नुसत्या डोळ्याला हे कळायचं नाही, म्हणून तिच्या खोक्यात मावशीने यादी बघून दोन मापांची दोन पुडकी घातली होती.

"मावशी," वनिता म्हणाली, "आजवर बांगडी भरताना मी दर वेळी रडलेय. काल पण डोळे घट्ट मिटून, दात आवळून बसले होते. तर चुडा भरणारी माझी काकी म्हणाली, उघड डोळे, झालं की. मला कळलंच नाही."

तिने वनिताचा तो वाकडा हात हातात घेतला आणि त्यावरच्या बांगड्या बोटाने हलकेच फिरवल्या. सगळ्या मोकळ्या फिरल्या. त्या दिवशी आपण आणखी एक पीळ दिला असता तर काय काय मोडलं असतं, हे तिला आत्ता कुठे पुरतं कळलं. आणि ते मोडलं नाही या आनंदाने भर मांडवात तिला रडू आलं.

तात्पर्य सांगायचं ते एवढंच: वस्तू किती चांगली हे दुकानात कळतं, पण ती आपल्या जागी बसेल की नाही हे जागा मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी जागा मोजावी, मग वस्तू आणावी, आणि अडलंच तर जोर करण्याऐवजी थांबून जाणत्याला विचारावं.